स्वप्नालीनं खोडलेला एक शब्द

रेणापूरची स्वप्नाली ओळी लिहून पोट भरायची. लातूरच्या एका गुरांच्या पेंडीच्या दुकानाची वेबसाइट तिच्या हाती होती, अन् ओळींखाली तिचं नाव असायचं. हल्ली वेबसाइट उघडून वाचतंय कोण? लोक फोनाला विचारतात, अन् फोनातला एआय दहा ठिकाणचं वेचून आयतं उत्तर देतो. त्यानं आपलीच ओळ उचलावी, नाव आपलंच सांगावं, एवढ्यासाठी तिची सगळी खटपट. पहिल्याच ओळीत थेट उत्तर. फाटे फोडायचे नाहीत. लग्नातला उखाणासुद्धा पोरीनं चार शब्दांत उरकला होता!

एका दुपारी भोकरहून सिंधुमावशीचा फोन आला.

"अगं, तू तर लई मोठी झालीस! म्हैस दूध कमी देऊन राहिली म्हणून फोनाला इचारलं, तर त्यानं तुझंच नाव घेतलं!"

"काय म्हणला?" स्वप्नाली फुलली.

"ज्वारीची वैरण पोटभर घाला, दूध वाढतं. मंग आणला ज्वारीचा हिरवा फुटवा कापून. वीतभर हाय, लोण्यावानी कवळा."

स्वप्नालीच्या हातातला चहा कलंडला. तिच्या घरी वैरण म्हणजे वाळलेला कडबा. मावशीकडं हिरवं तेही वैरणच. अन् कोवळ्या ज्वारीत विष असतं. जनावर बघता बघता पाय ताणतं. तिनं आधी 'वाळलेली' लिहिलं होतं. ओळ आखूड व्हावी म्हणून तिनंच ते खोडलं होतं.

"मावशी, घालू नको! विष हाय त्यात!"

"आता गं? एक पेंढी खाल्ली की तिनं! सासूबाई म्हणायच्या कवळी घालू न्हाई, पण म्हटलं, शिकलेली पोर सांगते तर..."

"वढ तोंडातनं! डॉक्टरला बोलीव!"

फोन चालूच राहिला. बादली आपटली, कुणीतरी धावलं, मग म्हैस कोसळल्याचा आवाज अन् तिची घरघर. स्वप्नाली भिंतीला टेकून तेवढंच ऐकत होती. गावातलाच गुरांचा डॉक्टर धावत आला, त्यानं इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळानं मावशी बोलली, "उठली बाई. तुझ्या त्या फोनाला चुलीत घाल!"

स्वप्नालीनं लगेच ओळ दुरुस्त केली, 'वाळलेली' घातलं. मग फोनाला तोच प्रश्न विचारला. त्यानं गोड आवाजात आधी उचललेली जुनीच ओळ म्हटली, तिच्या नावासकट. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

अशी ओळ आता किती गोठ्यांत पोचली असेल? तिनं बिलोलीच्या चुलत्याचा नंबर लावला.

"वैजनाथकाका, म्हशीला काय घातलं आज? न्हाई, वैरण म्हणू नका. नीट सांगा, हिरवं का वाळलेलं?"