कोमट समुद्र
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना मला वेस्ट विंडसर या अमेरिकी गावातली एक सकाळ आठवते. पेरूजवळचा समुद्र एल निनोमुळे कसा तापतो, याचा अभ्यास मी कित्येक वर्षं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर करत होते. त्या वर्षी तो खरंच तापला आणि पाण्याचं तापमान मोजायला तिथे जाणाऱ्या बोटीवर निवड झाली ती ऑफिसात माझ्यानंतर आलेल्या मैत्रिणीची. मी काच खरवडत असतानाच तिचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, पाण्यात हात घातला, चक्क कोमट आहे यार!" "मस्त! एन्जॉय कर," म्हणून मी फोन ठेवला आणि काच इतक्या जोरात खरवडली की स्क्रेपरच मोडला. पुढे मीही त्या बोटीवर गेले, पण तोवर एल निनो ओसरून पाणी थंडगार झालं होतं. आजही ती भेटली की मी समुद्राचा विषय काढत नाही.