मोठ्या बाईंचा डावा पाय

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पालकांसमोर खुर्चीत बसल्या बसल्या साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यायच्या आणि डावा पाय पुढं करायच्या. पोलिओनं वाळून काडी झालेला पाय. "पाहून घ्या नीट. मी लाजत न्हाई, तुम्ही बी लाजू नका. आमच्या वेळी डोस नव्हते. तुमच्या लेकराला हायेत, मग का न्हाई दिले?" समोरचा बाप खाली मान घालायचा. चार दिवसांत लेकराला डोस मिळालेला असायचा आणि पहिलीत नाव पडलेलं असायचं.

नाव घालताना बाई चिठ्ठी, ओळख, हुशारी, काही म्हणजे काही विचारत नसत. एकच प्रश्न, "डोस झाले का? थेंब, सुया, समदे?" मी त्यांच्या हाताखाली नवी शिक्षिका. एकदा म्हटलं, "बाई, तोंडानं सांगितलं तरी कळतं की लोकांना." म्हणाल्या, "लई सांगून पाहिलं गं. माना हलवतात आन् लेकरू तसंच घेऊन येतात."

भूकंपानंतर पडलेल्या गावांतली लेकरं लातुरात मामाकडं, आत्याकडं राहायला आली. अशाच एका आत्याला आमच्या क्लार्कनं दारातून परत पाठवलं. म्हणे, डोसाचं कार्ड आणा! पोरीचे आई-बाप गेले, घर भुईसपाट, आणि ह्या शहाण्याला कार्ड पाहिजे. बाईंनी पाय ओढत रस्त्यापर्यंत जाऊन दोघींना परत आणलं. "कार्ड दगडाखाली गेलं. पोरगी वर आली ना? बसव तिला वर्गात." मग दवाखान्यातल्या नर्सला शाळेतच बोलावून अशा सगळ्या लेकरांना डोस दिले.

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लासेसचे बोर्ड लागले. पोरगं डॉक्टर करायचं तर पाया पहिलीपासून पक्का पाहिजे, म्हणून आमच्या शाळेपुढं परगावच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. संस्थेच्या अध्यक्षांच्या अंगात वारं शिरलं. त्यात त्यांचाच नातू प्रवेशाला आला. एकही डोस नाही! का, तर सुईनं ताप येतो आणि आजोबांना बघवत नाही. बाईंनी सवयीनं पाय पुढं केला. अध्यक्षांनी तोंड फिरवलं. त्यांची सून मात्र बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा माणूस कार्ड घेऊन हजर. करकरीत नवं कार्ड, सगळ्या तारखा एकाच हातानं, एकाच शाईनं भरलेल्या. बाईंनी ते तसंच परत केलं. "कार्डाला डोस दिलाय तुम्ही. पोराला द्या."

अध्यक्ष फोनवर कडाडले, "भूकंपाची पोरं बिनाकार्डाची घेतली, आणि माझ्या नातवाला कार्ड असून नाही?" अहो, तेच तर! पण खुर्चीवर बसलेल्या माणसाला कोण समजावणार?

थोड्याच दिवसांत मुख्याध्यापकांची खोली तिसऱ्या मजल्यावर हलवली. मग संस्थेनं मोठ्या काळजीनं कळवलं, पायामुळं बाईंना जिने झेपत नाहीत, तेव्हा त्यांनी पद सोडावं. निर्लज्जपणाला काही हद्द? जो पाय दाखवून त्या माउलीनं लोकांची लेकरं धडधाकट ठेवली, त्याच पायावर बोट ठेवून तिला घालवलं! नातवाचं नाव लगेच पहिलीत पडलं. मी भांडायला निघाले तर बाईंनी माझं मनगट धरलं. "तुझी नोकरी कच्ची हाय. गप बस."

त्या गेल्या त्या दिवशी आम्ही दोघी फाटकाबाहेर ऑटोची वाट बघत होतो. एक ऑटो थांबला आणि अध्यक्षांची सून उतरली. कडेवर पोरगं, रडून रडून नाक लाल, दंडावर कापसाचा बोळा. "बाई, सरकारी दवाखान्यात नेऊन आणलं. राहिलेले पण देते. तुमचा पाय डोळ्यापुढून जाईना. फक्त सासऱ्यांना सांगू नका."

बाईंनी पोराच्या तोंडावरून हात फिरवला. "न्हाई सांगत. वाटू दे त्यांना, जिंकलो म्हणून."

आता बाई नाहीत, अध्यक्षही नाहीत. शाळेच्या दारात अध्यक्षांचा पुतळा उभा आहे, दोन्ही पायांवर. बाईंचं मन मोठं होतं. माझं नाही. नातवाला डोस मिळाले, तेही बाईंच्या त्या पायामुळं, हे मरायच्या आधी त्या माणसाला कळायलाच पाहिजे होतं.