मागच्या फळीवरची आत्या

आत्याला कुणी जाडी म्हटलेलं चालायचं, पण तिच्या कामाला नावं ठेवलेली अजिबात खपायची नाहीत. धक्क्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बोटींच्या मोटरी दुरुस्त करायची. काठावरचे सगळे, अगदी तिच्याहून म्हातारे नावाडीसुद्धा, तिला आत्याच म्हणायचे. खरी आत्या ती एकाचीच. भाऊ-भावजय लवकर गेले, तेव्हा त्यांच्या पोराला तिनेच लहानाचं मोठं केलं. आता हाच भाचा स्वतःच्या बोटीतून माणसांची ने-आण करायचा. लग्न झालं, मिशा आल्या, पण डोकं अजून लहानपणासारखंच चटकन तापायचं.

यंदा मात्र त्याच्या डोक्याआधी त्याची मोटर तापायला लागली. भर नदीत, बोट माणसांनी भरलेली असताना, टीं टीं टीं करून बोंब मारायची आणि बंद पडायची. मग घ्या वल्ही हातात! घामाघूम होऊन काठ गाठायचा आणि वर लोकांची बोलणी खायची. लोक तरी किती दिवस ऐकतील? हळूहळू ते शेजारच्या बोटीत बसायला लागले.

आत्याने हात टेकले नाहीत. बोटीची मोटर नदीचंच पाणी खालून ओढते, अंगात फिरवून थंड होते आणि बारीक धारेने बाहेर सोडते. धार चांगली तर तब्येत चांगली, एवढं साधं. आत्याने पंपातलं रबरी चक्र नवं घातलं. आतल्या वाटांमधला गाळ धुऊन काढला. मोटर तापली की आतली पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट घरी नेला आणि गरम पाण्यात उघडतो की नाही ते बघायला सरळ दुधाच्या पातेल्यात टाकून गॅसवर ठेवला.

भाच्याची बायको दारातच थबकली. "आत्याबाई, अहो त्यात दूध तापवते मी!"

"आज याला तापवू. बघ, बघ, कसा उघडला गुलाम! ठणठणीत आहे."

"मग आजारी कोण आहे?"

आत्या थर्मोस्टॅट फडक्यात गुंडाळून पुन्हा शेडकडे निघाली. खोट सापडत नव्हती, तेच तिला झोंबत होतं.

त्यात आणखी एक गंमत. चाचणीला आत्या मागच्या फळीवर, मोटरच्या कुशीला बसून गेली, की मोटर एकदम शहाणी. या काठाहून त्या काठाला जा, परत ये, हूं नाही की चूं नाही. आत्या उतरली आणि माणसं चढली, की पुन्हा टीं टीं! काठावरच्यांना आयताच विषय मिळाला. चहावाला म्हणाला, "मोटर आत्याला घाबरते हो! तिचा एक फोटोच चिकटवा वर." आत्याही हसली. पण एकदा भाचा शेडच्या दारात येऊन उभा राहिला आणि तिचं हसू मावळलं.

"आत्या, आता पुरे. बोट विकतोय. पलीकडचा वीटवाला घेतो म्हणतोय. आम्ही दोघं शहरात जाऊ, गोदामात काम आहे."

"आम्ही दोघं?"

"तू शेड सोडून येणार आहेस का?"

"बोटीत खोट नाही, मोटरीत खोट नाही. खोट माझ्यात आहे म्हण की!" आत्याने हातातला पाना आपटला. भाचा गेल्यावर ती शेडमागे जाऊन पोटभर रडली. हे पोर गेलं तर घरात बोलायला भिंती उरणार होत्या, दुसरं काय.

वीटवाल्याला बोट दाखवायच्या दिवशी तीही निघाली. "मोटरला हात लावणार नाही. पाहुणीसारखी बसेन," म्हणाली. भाच्याच्या बायकोने तिला पुढे, कापडी छताच्या सावलीत बसवलं. हे छत त्या बिचारीने उन्हाळा लागताना स्वतः शिवून बोटीच्या पुढच्या भागावर बांधलं होतं. फेरीतली सगळी माणसं त्याच्याखाली दाटीवाटीने बसली होती. मागे ऊन, धूर आणि कानठळ्या. तिथे कोण मरायला बसतंय?

नदीच्या मध्यावर टीं टीं सुरू झालं.

"बघ! आज तर तू आहेस बोटीत!" भाचा मागून ओरडला.

आत्याने वळून पाहिलं आणि बघतच राहिली. आजवर तिने ही मोटर जवळून, वरून पाहिली होती. बोटीच्या पुढच्या टोकावरून कधीच नाही. बोटीचा मागचा भाग चांगलाच उचलला गेला होता. धार खोकल्यासारखी तुटत होती, थोडं पाणी, थोडी हवा. उन्हाळ्यात नदी उतरते, म्हणून पंखा वाळूला लागू नये यासाठी इथले सगळेच मोटर बोल्टच्या एका भोकाने वर चढवून बांधतात. त्यात सगळा भार पुढे सावलीत. पाणी ओढायची जाळी पार वर आली होती आणि मोटर पाण्याऐवजी हवा पीत होती.

आत्या उठली आणि माणसांच्या मधून तडक मागे निघाली. बोट डुलली.

"आत्या, खाली बस! बुडवशील!"

"तेच करायला चाललेय!" म्हणत ती मागच्या फळीवर धपकन बसली.

मागचा भाग खाली गेला. धारेने दोन आचके दिले आणि मग नळासारखी सरळ सुटली. थोड्या वेळाने टीं टीं थांबलं. भाचा धारेकडे बघे, आत्याकडे बघे, मग छताकडे बघे.

"मोटर मला घाबरत नव्हती रे," आत्या म्हणाली, "माझ्या वजनाने पाण्यात बसत होती!"

सगळी बोट हसली. भाच्याच्या बायकोने मात्र जीभ चावली. "अगंबाई, म्हणजे माझ्या छतामुळे?"

"छत झकास आहे गं. नुसतं चुकीच्या टोकाला आहे. उद्या मागे बांधू, मग बघ कशी पळतात माणसं मागे."

पलीकडे वीटवाला वाट बघत उभा होता. बोट टेकताच त्याने विचारलं, "मोटर तापते म्हणतात, खरं का?"

"तापते," भाचा म्हणाला. "हिला आत्या लागते. आणि बोटीबरोबर आत्या विकता येत नाही. तेव्हा राहू द्या."

मागच्या फळीवर आत्या डोळे पुसत होती. कुणीतरी विचारलं, धूर गेला का डोळ्यात? "धूर कसला डोंबलाचा," ती म्हणाली, "रडतेय मी. आनंदाने रडतेय. चला, परतीचे कोण आहेत त्यांनी मागे येऊन बसा!"