स्वयंपाकघरातला खोकला

ताईला बघायला मांजरी गावाहून पाहुणे यायचे होते, म्हणून मला स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं. बाहेरून कडी घातली नव्हती, एवढीच मेहेरबानी. कारण माझं खं-खं. ते पाहुण्यांच्या कानावर गेलं की संपलंच, घरात दमा आहे म्हणून बोभाटा.

मी तेव्हा दहावीत होते. विश्रांतवाडीच्या डॉक्टरांनी दम्याची औषधं पाजून पाजून माझी जीभ बधिर केली, गुण शून्य. मग आईला संशय आला की मी चोरून बर्फाचा गोळा खाते. येताजाता ती माझी जीभ बघायची. बाबांचा संशय वेगळा. म्हणे, अभ्यास टाळायला सोंग करते. अहो, सोंगच करायचं तर पोटदुखीचं नसतं का केलं? हा दमा नव्हेच, मेंदूचा एक चाळा आहे, त्याला टिक म्हणतात, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की आधी घशात वळवळ उठते आणि खं केल्याशिवाय ती सोडत नाही.

तर पाहुणे आले, मी तोंडात रुमाल कोंबून बसले होते आणि बाहेरून आलं, खं-खं. माझं नव्हतं! दाराच्या फटीतून पाहिलं. चक्क नवरामुलगा. आधी मान जराशी झटकली, मग खं, मग कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून घाईघाईने पाण्याचा घोट. लबाड! ही तर माझीच युक्ती.

"उसाचं पाचट जाळत्यात ना, धूर लागलाय. दुसरं काय न्हाय," त्याची आई म्हणाली. आमच्याकडे माझ्या खं-खंचं खापर असंच आळंदी रस्त्याच्या धुळीवर फुटायचं.

पाहुणे गेले. ताईला मुलगा आवडला होता, ते लपत नव्हतं. बाबा मात्र भडकले.

"धूर कसला डोंबलाचा! दमेकरी आहे. फसवायला निघालेत. असला माणूस आपल्याला नको."

"बाबा, त्याला दमा नाहीये," मी म्हटलं. "माझ्यासारखंच आहे ते."

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले.

मला रडूच आलं. आई भांडी आवरत राहिली. ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"मग मला हाच पसंत आहे," ती म्हणाली.