फोडणीनं अडवलेली खाट

चहाचा कप आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना माझ्या मेहुण्याच्या नाकातून चहा आला होता, म्हणून सांगतो. कोरोनात मी काय दिवे लावले, ते तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? अख्ख्या सौंसरला ठाऊक आहे, तुम्हीच तेवढे राहिलात.

मी आचारी. सौंसर असो की पांढुर्णा, लग्नाचा रस्सा माझ्याच हातचा. दुसऱ्या लाटेत लग्नं बंद पडली आणि मी घरी बसून बायकोच्या भाजीत खोडी काढायला लागलो. ती कावलीच होती, तेवढ्यात विधायक साहेबांचा फोन आला. तुमच्याकडे आमदार म्हणतात, आम्ही पडलो मध्य प्रदेशात, आमच्याकडे विधायक.

"वसंतभाऊ, होस्टेलात सेंटर खोललं आहे. ज्याच्या घरी अलग खोली नाही, थे पेशंट तिथं राहतीन. सैपाकाचं पाहान का तुम्ही?"

"पाहान का म्हणजे? निघूनच राहिलो, साहेब."

मी फोन ठेवायच्या आत बायकोनं पिशवी भरली होती.

साहेब माणूस कामाचा. दिवसभर फोन कानाला. कुणाला गाडी पाहिजे, कुणाला औषध, कुणाच्या म्हाताऱ्यासाठी नागपूरच्या दवाखान्यात शब्द टाकायचा. बाजार बंद, म्हणून त्यांच्या एका शब्दावर बागाइतदार संत्र्यांचे क्रेट पाठवायचे, मोहगावहून वांगी यायची. एवढा माल आल्यावर माझा हात थोडाच आखडता राहणार?

आता माझा एक नियम ऐका. भाजी वाढायच्या अगदी आधी वरून लाल मिरचीची फोडणी. आधी देऊन ठेवली की मजा गेली. जेवण डॉक्टर मॅडमच्या राऊंडनंतर लगेच असायचं, म्हणून त्यांची गाडी फाटकात शिरली की माझ्या कढईत मिरच्या पडायच्या. चर्रर्र. धूर सगळा खिडकीतून बाहेर. बाहेर म्हणजे कुठे, हे मी कधी पाहिलं नाही. खिडकीच्या पलीकडे पेशंटचा हॉल होता.

माझ्या नाकाला जन्मभराची मिरचीची सवय. पेशंटची वास घ्यायची ताकद कोरोनानं नेलेली. मॅडम त्या प्लास्टिकच्या पोशाखात, तोंडावर दोन-दोन मास्क. म्हणजे त्या इमारतीत मिरची ओळखू शकेल असं एकही नाक शिल्लक नव्हतं.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या आलं नाही.

सकाळी पेशंट पत्ते खेळायचे, गप्पा हाणायचे. मॅडम दारात आल्या की सगळ्या हॉलला एकदम ठसका. मॅडम जबलपूरकडच्या. त्या मान हलवायच्या. "खांसी अभी भी है. कोई घर नहीं जाएगा."

मला वाईट वाटायचं हो. एवढं खाऊ घालतो आणि यांचा खोकला काही हटत नाही! मग मीच डोकं चालवलं. छाती मोकळी व्हायला काय लागतं? तिखट. मी मिरच्या वाढवल्या. खोकला वाढला. मी आणखी वाढवल्या.

इकडे रामाकोना गावचे नत्थूजी खाटेसाठी ताटकळलेले. त्यांनाही कोरोना झालेला, त्रास फार नव्हता, पण घर एका खोलीचं आणि लेक नुकतीच बाळंत झालेली. साहेबांना फोन करून झाला की ते मला करायचे.

"भाऊ, खाट खाली झाली का जी?"

"नाही ना, नत्थूजी."

"मी गोठ्यात बैलाजवळ झोपून राहिलो. बाळ रडते तं जीव तुटते, पण जवळ जाता येत नाही. बाळाले माह्यामुळं काही झालं तं?"

"होईन खाली. इथला खोकलाच थांबून नाही राहिला. मी माझ्याकडून जोर लावूनच राहिलो."

खरंच सांगतो, त्यांचा फोन ठेवला की घास गोड लागायचा नाही. त्या लेकराच्या काळजीनं मी दुसऱ्या दिवशी आणखी मूठभर मिरच्या टाकायचो.

शेवटी एक खाट रिकामी झाली. एक गुरुजी हॉलमध्ये उकडतं म्हणून पलीकडच्या व्हरांड्यात दिवसभर पडून राहायचे, त्यांचा खोकला आपोआप गेला. साहेबांनी नत्थूजींना बोलावून घेतलं आणि बाकीचे बरे का होत नाहीत हे पाहायला स्वतःच सेंटरवर आले. पाहुणा विधायक, मग मी काय केलं असेल? मॅडमची गाडी दिसताच अशी फोडणी दिली की लग्नातही दिली नव्हती.

साहेब हॉलच्या दारात उभे राहिले. लोकांना चेहरा दिसावा म्हणून मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "राम राम मंडळी." म्हणजे पहिला राम निघाला. दुसरा निघालाच नाही. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, भिंत धरून खाली बसले. मागे सगळा हॉल खोकतोय.

मॅडम धावल्या. "सर, लेट जाइए. बात मत कीजिए." आणि दोघांनी धरून साहेबांना त्या एकुलत्या एक रिकाम्या खाटेवर निजवलं.

त्याच वेळी नत्थूजी बोचकं घेऊन अंगणात पोचले. दारातून त्यांनी आपल्या खाटेवर पडलेले विधायक पाहिले आणि हात जोडले.

"राहू द्या, साहेब. तुमच्याहून मी मोठा आहे का? जातो बैलाजवळ."

साहेबांना बोलता येईना. त्यांनी एका हातानं नत्थूजींना थांब म्हणून खुणावलं आणि दुसरा हात माझ्या खिडकीकडे केला. सगळ्यांच्या माना वळल्या. खिडकीत मी, हातात पळी. मला वाटलं, साहेबांना भूक लागली.

"तर्री जास्त टाकू का, साहेब?"

मॅडम खिडकीपाशी आल्या, मास्क बोटभर सरकवला आणि असा ठसका लागला की त्यांनाही खाट द्यावी लागते की काय असं वाटलं.

त्या दिवसापासून फोडणी बंद. दुसऱ्या दिवशी राऊंडला हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. मॅडमनी एकेकाला तपासलं, आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळे घरी गेले. साहेबांना काही झालेलं नव्हतं. नत्थूजींना खिडकीजवळची खाट मिळाली. बिनफोडणीचं वरण जेवून ते बरे झाले आणि त्या बाळाला शिंकसुद्धा आली नाही. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

साहेब मात्र अजून सभेत सांगतात, "वसंतभाऊनं चूल इझवली अन् हॉल बरा झाला." टाळ्या पडतात. मीही वाजवतो, काय करणार?

लाट ओसरल्यावर नत्थूजींचा फोन आला. "नातवाचं बारसं आहे, भाऊ. नक्की या. फक्त जेवाले या, सैपाकाले नका येऊ."

गेलो. साहेबही आले होते. चुलीच्या बाजूला मी पाहिलंसुद्धा नाही, सरळ पंगतीला जाऊन बसलो. नत्थूजींनी कौतुकानं बाळ माझ्या मांडीवर दिलं. गोड लेकरू, माझ्याकडे पाहून हसलं आणि मग जोरात शिंकलं.

सगळ्या पंगतीचे हात थांबले, लोक माझ्याकडे पाहायला लागले, आणि शेजारच्या पाटावर साहेबांनी हातातला घास ताटात ठेवून खिशातून मास्क काढला.