ट्रेसिंगवर ट्रेसिंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

इंजिनिअरिंग सल्लागार कंपनीत माझं आयुष्य गेलं. रत्नागिरीच्या शाखेत लागले तेव्हा कॉम्प्युटर नुसता येणार-येणार म्हणत होते, आणि बाहेर पडले ती सगळ्या कंपनीची डिजिटल प्रमुख म्हणून. जेट्ट्या, खाडीवरचे पूल, नळपाणी योजना — बाईंनी सगळं कागदावरून पडद्यावर आणलं, असं माझ्याबद्दल सांगतात. खोटं नाही ते. पण —

पण सुलभाताईंचं सांगायला हवं. त्या आमच्या हेड ड्राफ्ट्समन. बाई असल्या तरी पाटीवर तसंच लिहिलेलं, आणि त्यावरून आम्ही त्यांना चिडवायचो. मला त्यांनी हाताला धरून शिकवलं. खाली पुलाचा मूळ आराखडा, त्यावर आरपार दिसणारा ट्रेसिंग पेपर ठेवून लोखंडाच्या सळ्या काढायच्या, त्यावर आणखी एक ठेवून पाण्याच्या लाइनी. चुकलं की अर्ध्या ब्लेडने शाई अलगद खरवडायची. माझ्या चुका त्या स्वतः खरवडायच्या आणि साहेबांना पत्ता लागू द्यायच्या नाहीत. डब्यातली कोलंबीची आमटी निम्मी माझी असायची.

कॉम्प्युटर आला. मी मुंबईला जाऊन शिकून आले. साहेब म्हणाले, आता सुलभाताईंना तयार करा, मशीन ज्याला चांगलं जमेल तो ड्रॉइंग विभाग सांभाळेल. ताई रोज जेवण झालं की चष्मा पुसत माझ्याशेजारी येऊन बसायच्या.

त्या अडायच्या ते लेअरवर. एकाच चित्रात पाइप वेगळे, काँक्रीट वेगळं, आणि तरी सगळं एकत्र — हे कसं? मला उत्तर ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं, तेही ताईंच्या टेबलावर शिकले म्हणून. लेअर म्हणजे ट्रेसिंगवर ठेवलेलं ट्रेसिंग. बस्स, एवढंच.

तेवढं एक वाक्य मी बोलले नाही.

त्याऐवजी मी भराभर इंग्रजी कमांड सांगत गेले. का? भीती होती की हाव? ताईंचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. त्यांना मशीन आलं असतं तर मी दोन नंबरचीच राहिले असते. त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या, मी हसून म्हणायचे, येईल सवयीनं. आणि त्या — माझेच आभार मानायच्या.

शेवटी त्यांनी स्वतःच साहेबांना जाऊन सांगितलं, माझं डोकं आता चालत नाही. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्या टपालावर शिक्के मारत होत्या. मी नव्या मुलांना शिकवायला लागले, आणि माझं पहिलं वाक्य कुठलं असायचं, सांगू? तेच. मॅडम किती सोपं करून सांगतात, असं नाव झालं माझं. लाज वाटायची. पण वाक्य चांगलं होतं, मी वापरत राहिले.

यंदा माझा निरोप समारंभ रत्नागिरीत झाला. ताई भाच्याला घेऊन थेट केळशीहून आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. भाषणाच्या ओघात ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. सवयच ती. टाळ्या पडल्या. एकट्या ताई वाजवत नव्हत्या.

चहाच्या वेळी त्यांनी माझा हात हातात घेतला. "एवढंच होतं होय गो ते? मग मला तेव्हा कसं नाय कळलं?"

इथे बोलता आलं असतं. आता माझं जाणार तरी काय होतं? पण मी म्हणाले, "ताई, तेव्हा मला तरी कुठे कळलं होतं? फार वर्षांनी सुचलं."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग बरं. मी आपली इतकी वर्षं समजत होत्ये, माझंच डोकं जड."

त्यांच्या समाधानासाठी बोलले, असं म्हणता येईल. तसं नव्हतं. मी माझ्यासाठी बोलले.

मग त्यांना गाडीत बसवून दिलं. जाताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, आणि मी तो फिरवू दिला.