राणीसाहेबांची मिशी

चुडामणनानांनी वयाच्या साठीपर्यंत मिशी ठेवली नव्हती. याचं कारण बोरी नदीकाठच्या त्या गावात सगळ्यांना माहीत होतं. जत्रेतल्या नाटकात नाना बाईचं काम करत. काम कुठलंही असो, बहुतेक राणीचंच असायचं, म्हणून गावात त्यांचं नावच राणीसाहेब पडलं होतं.

पहिल्यांदा मिशी काढली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. बाप हयात असताना पोराने ओठ बोडका केला म्हणून त्यांचे वडील वना आबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. "मी जित्ता शे ना अजून!" एवढं एकच वाक्य ते उंबऱ्यात उभं राहून म्हणाले होते. पण जत्रेत पोरगा नऊवारी नेसून मंडपात आला, वनवासाला निघालेल्या राणीचं रडणं रडला, तेव्हा मागे घोंगडीवर बसलेले आबा उपरण्याने डोळे पुसताना चारचौघांनी पाहिले. त्यानंतर घरात मिशीचा विषय निघाला नाही.

त्या राणीचा चेहरा घडवायचा तो गिरधर. गावात केस कापायचं आणि दाढी करायचं दुकान त्याचं एकच. नाटकाच्या दिवसांत रंगरंगोटीही तोच करी. नानांचा ओठ असा तासून काढायचा की समईच्या उजेडातसुद्धा निळसर झाक दिसत नसे. पुढे ऑर्केस्ट्रा आला, मोबाइल आले, नाटक बंद पडून बारा वर्षं झाली. तरी नाना दिवसाआड गिरधरच्या खुर्चीत जाऊन बसतच. दाढी हे निमित्त. खरं म्हणजे गिरधरशी दोन गोष्टी बोलल्याशिवाय नानांना वावरात जावंसं वाटत नसे.

कापूस वेचणीला आला होता त्या सुमारास गिरधरची मोटारसायकल फाट्याच्या रस्त्यावरच्या सुट्या खडीवर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन महिने उभं राहायला बंदी केली. उभं राहून पोट भरणाऱ्या माणसाचे पायच बसले.

तेव्हा ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या योगेंद्रने मारुतीच्या पारावर माणसं गोळा केली. म्हणाला, "गिरधरकाका घरी येईपर्यंत कोणीच मिशीला वस्तरा लावायचा नाही. दाढी घरीच करा. दुकानात जे दिलं असतं ते या डब्यात टाका. काका आले की मिशांची स्पर्धा. पंच काकाच."

हसत हसत नावं लिहिली गेली. त्या गलक्यात मागून एक बारीक आवाज आला, "मन्हं बी नाव लिख."

सगळ्यांनी वळून पाहिलं. चुडामणनाना हात वर करून उभे होते. "राणीसाहेबले मिशी?" कोणीतरी ओरडलं आणि पार हसून हसून हलला. नानाही हसले, पण हात खाली घेतला नाही.

पहिले आठ दिवस ओठ नुसता खाजत होता. मग पांढरे खुंट वर आले. डावीकडे दाट, उजवीकडे विरळ. चहा पिताना साय अडकायची. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई भाकरी थापता थापता मान वर करून बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. एकदा म्हणाल्या, "चाळीस वरीस संसार करा, आनि आते घरमा परका मानूस ऊना."

"तुले आवडनी नही?"

"तसं कोठे म्हणनू मी?" असं म्हणून त्या तव्याकडे वळल्या. नानांना त्या दिवशी एक भाकरी जास्त गेली.

दवाखान्यात मात्र नाना जायचं टाळत होते. गिरधरला हे तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी तिसऱ्या आठवड्यात सुनंदाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि त्यांना एसटीत बसवून दिलं.

गिरधर खाटेवर छताकडे बघत पडला होता. दारातल्या माणसाला पाहून त्याने विचारलं, "कोन?"

"मी. चुडामण."

आवाज ओळखून गिरधर कोपरावर उठायला गेला, कळ आली तसा पुन्हा आडवा झाला. डबा ठेवून नाना शेजारी बसले. बराच वेळ पिकापाण्याचं बोलणं झालं. मग गिरधर हळूच म्हणाला, "नाना, खरं सांग. बठ्ठा गिऱ्हाईक फाट्यावरना नव्या सलूनमा गयात ना? तू तर मिशीच ठेयी दिधी. आते मन्ही खुर्ची कोनले लागी?"

योगेंद्रने त्याला काही कळवलं नव्हतं. घरी आल्यावर दाखवायचं ठरलं होतं. पण समोरच्या माणसाचा उतरलेला चेहरा पाहून नानांना राहवलं नाही.

"कोनीच गया नही," ते म्हणाले. "बठ्ठास्नी मिशा ठेयेल शेतस. तुन्हासाठे. तू यीशी आनि तूच काढशी."

गिरधरने त्यांच्याकडे पाहिलं, मग तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. नानांनी डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. दोघांनी एकाच डब्यात खाल्लं.

तीन महिने भरले आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी गिरधर जीपने गावात आला. वॉकर टेकत पारापर्यंत गेला, तर समोर सत्तेचाळीस मिशा ओळीने उभ्या! खुर्चीत बसून, योगेंद्रने दिलेला पैशांचा डबा शेजारी ठेवून, त्याने एकेकाला खाली वाकायला लावलं, बोटांनी केस चाचपले, पीळ बघितला. बक्षीस ट्रॅक्टरवाल्या प्रेमराजला मिळालं. त्याची मिशी म्हशीच्या शिंगांसारखी दोन्हीकडे वळली होती. त्यात कोणाचंच दुमत नव्हतं.

नाना वाकले तेव्हा मात्र गिरधर थांबला. हनुवटी धरून चेहरा डावीकडे, उजवीकडे फिरवला आणि मोठ्याने म्हणाला, "चाळीस वरीस हाई वावर मी नांगरं. आते कोठे पीक ऊनं!"

पार फुटला हसण्याने. बायकांच्या बाजूने आरडाओरडा सुरू झाला, राणीचं बोलून दाखवा म्हणून. नानांनी उपरणं डोक्यावरून घेतलं, मान किंचित कलती केली आणि वनवासाच्या वाटेवरचं ते बोलणं त्याच कोवळ्या, कापऱ्या आवाजात सुरू केलं. पांढऱ्या मिशीखालून राणी बोलत होती. पहिल्या दोन वाक्यांना लोक हसले. मग हसणं थांबलं. शेवटी शेवटी तर लहान पोरंही पुढे सरकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी गिरधरने दुकान उघडलं. उंच स्टूल आणवलं होतं, त्यावर टेकून तो काम करी. पहाटेपासून रांग लागली. नानांची पाळी आली तेव्हा त्याने फडकं मानेभोवती बांधलं आणि विचारलं, "काढी टाकू?"

नानांनी आरशात पाहिलं. डावी बाजू अजून दाटच होती.

"राहू दे," ते म्हणाले. "जरा सारखी कर दोन्हीकडे."

गिरधरने कात्री उचलली आणि फाट्याच्या रस्त्यावर नवी खडी कधी दाबणार, यावर बोलायला सुरुवात केली.